प्रोबायोटिक द्या, पण लस चुकवू नका

परवा सकाळी पोल्ट्रीवरून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, उद्या पिल्लांना सात दिवस होतात. मानमोडीची लासोटा लस राहू दे का? प्रोबायोटिकचं पाणी सुरू केलंय." ग्रुपवर फिरणारा तो मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला होता: पहिल्या दिवसापासून पाण्यातून प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला चांगले जिवाणू, द्या, प्रतिकारशक्ती इतकी वाढते की मानमोडी, गंबोरो हे रोग होतच नाहीत, लसीचा खर्च वाचतो, अँटिबायोटिकसोबत दिलं तर दुप्पट फायदा, बाटली परवडत नसेल तर घरचं दही चालतं.

लसीचं आधी, कारण त्या एका वाक्यापायी अख्खी बॅच जाईल. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा रोग. त्याच्याशी लढणाऱ्या अँटिबॉडी शरीराला त्या विषाणूची ओळख झाल्याशिवाय बनत नाहीत, आणि ती ओळख लस करून देते. आतड्यातले चांगले जिवाणू ती कशी करून देणार? गंबोरोचं तर याहून वाईट. पिल्लाच्या गुदद्वाराच्या वर, आतल्या बाजूला एक लहान पिशवी असते, बर्सा. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तिथे वाढतात आणि गंबोरोचा विषाणू नेमका तिथेच घुसतो. मेलेला पक्षी फाडला की ती सुजलेली, कधी रक्ताळलेली दिसते. वाचलेल्या पक्ष्यांना पुढच्या लसीही नीट लागू पडत नाहीत. वाढवायची म्हणता ती प्रतिकारशक्ती मग येणार कुठून?

प्रोबायोटिक थोतांड आहे असं मी म्हणत नाही. 1973 साली नुर्मी आणि रांताला या फिनलंडच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना पाजले तर साल्मोनेला या रोगजंतूला तिथे जम बसवता येत नाही. हॅचरीत, म्हणजे यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटतच नाही, म्हणून हे कामाचं. पण हा फायदा आतड्यातला, जिवाणूंविरुद्धचा. यावरून मानमोडी थांबते हे कुणी काढलं?

अँटिबायोटिकसोबत दिलं तर बाटलीतले बरेचसे जिवाणू त्यानंच मरतात. ब्लीचिंगच्या पाण्यातही तेच. दह्यात कुठले जिवाणू, किती, काही ठाऊक नसतं. वर पाइप बुळबुळीत होऊन पाणी पिण्याचे निपल तुंबतात.

काल संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून लस दिली. एकेक पिल्लू हातात धरायचं, डोळ्यात एक थेंब टाकायचा, थेंब आत जिरेपर्यंत सोडायचं नाही. प्रोबायोटिकही चालू आहे, बिनब्लीचिंगच्या पाण्यातून. गंबोरोच्या लसीची तारीख दिरांनी शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवली आहे.