मशेरीने दाताचं हाड वाढतं म्हणे!

आमच्या सांखळीच्या मावशीचा एक दात हलतोय. डेंटिस्टने एक्सरे काढून सांगितलं की दाताच्या एका बाजूचं हाड खाली गेलंय, छोटी सर्जरी करून ते परत भरून यायला मदत करता येईल, आणि ती तयारही झाली होती. तेवढ्यात चवथीच्या आधी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड आला, "हलणारे दात 21 दिवसांत पक्के, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत". म्हणे सर्जरीत अख्खी हिरडी सोलतात, आत गायीडुकराचं हाड भरतात, तरी दात पडतोच, सगळी लूट आहे. त्यापेक्षा सकाळी हळद घातलेलं खोबरेल तेल तोंडात खेळवा आणि रात्री चिमूटभर मशेरी लावा. मावशीने अपॉइंटमेंट कॅन्सल केली. कोणी पाठवला ते लिहीत नाही, पण काका, तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे.

मशेरीपासूनच सुरू करतो, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे धोक्याचं आहे. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, दुसरं काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका न्हाणीजवळ डबी ठेवून ती लावतात, तर्जनीचं टोक कायमचं काळपट झालेलं असतं. "लावली की रक्त थांबतं, हिरडी आवळते" असं त्या सांगतात आणि त्या खोटं बोलत नाहीत, रक्त कमी होऊ शकतं. पण ते बरं झाल्यामुळे नाही हो, निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. रक्त येणं ही आत सूज असल्याची खूण आहे, ती खूण तेवढी झाकली जाते आणि खाली हाड झिजायचं ते झिजतच राहतं, माणूस निर्धास्त. मग एक दिवस दात हलायला लागतो. वर तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. तंबाखू चालू असेल तर हाडाच्या सर्जरीनंतर जखम नीट भरत नाही, म्हणून डॉक्टर आधी ती सोडा म्हणतात, आणि हा फॉरवर्ड तीच लावायला सांगतोय!

21 दिवस हा आकडा कुठून आला देव जाणे. हाड भरलं की नाही ते एक्सरेत बघायला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. शिवाय सगळंच हाड परत येत नाही. दाताच्या कडेने उभा खोल खड्डा पडला असेल तर चांगली आशा असते, सगळीकडे सपाट झिजलं असेल तर फारशी नाही. तेल त्या खड्ड्यापर्यंत पोचतच नाही, बास.

"अख्खी हिरडी सोलतात" हे जुन्या पद्धतीबद्दल कोणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. पण इटलीतल्या कोर्तेलिनी आणि टोनेटी या दोघांनी 2007 मध्ये मांडलेल्या पद्धतीत खड्ड्यापुरतीच बारीक चीर देतात, भिंगातून किंवा मायक्रोस्कोपखाली बघत आतली घाण साफ करतात आणि बऱ्याचदा एकाच टाक्याने बंद करतात. नंतरच्या सुधारित पद्धतीत दोन दातांमधला हिरडीचा टोकदार तुकडा उचलतसुद्धा नाहीत, म्हणजे आत साठलेली रक्ताची गुठळी हलत नाही, आणि भरून येण्याचं सगळं काम त्या गुठळीच्या आधाराने होतं.

आता गायडुक्कर. इथे अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. बाजारातली एक प्रसिद्ध हाडाची भुकटी गायीच्या हाडापासून बनते आणि एक जेल डुकराच्या दाताच्या एनॅमलमधल्या प्रथिनांचं असतं. ज्याला चालत नाही त्याने आधी स्पष्ट विचारावं, कृत्रिम पर्याय असतात. आणि त्याच दोघांनी 2011 मध्ये 45 रुग्णांवर तुलना केली तेव्हा काहीच न भरता नुसती ती बारीक सर्जरी केलेल्यांचा रिझल्टही जवळपास तेवढाच चांगला आला. म्हणजे प्रत्येक केसमध्ये काहीतरी भरावंच लागतं असं नाही.

"दात पडतोच" म्हणणाऱ्यांनी कोर्तेलिनींच्याच टीमचा 2020 चा अभ्यास बघावा. मुळाच्या टोकापर्यंत हाडाचा आधार नाहीसा झालेले, म्हणजे कोणीही "काढून टाका" म्हणेल असे दात असलेले 50 रुग्ण. निम्म्यांचे दात काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने कृत्रिम दात) बसवले, निम्म्यांचे दात हाड वाढवायची सर्जरी करून ठेवले. दहा वर्षांनी ठेवलेल्यांपैकी 88 टक्के दात तोंडात होते. इम्प्लांट-ब्रिजवाल्यांचं सगळं टिकलं, तेही सांगतो, पण एकूण खर्च दात वाचवणाऱ्यांचा कमी झाला. अर्थात हे नियमित तपासणीला, सफाईला येत राहिलेले लोक होते आणि सर्जरी करणारे हात पट्टीचे होते.

राहिली लूट. काही ठिकाणी पहिल्याच भेटीत सर्जरीचा आकडा सांगतात, ते मलाही पटत नाही. आधी खोल सफाई, मग काही महिने थांबून परत माप, आणि तरी खोल पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली फट, उरलं, हाडातला खड्डा 3 मिलीमीटर किंवा जास्त असला तर ही सर्जरी, असं युरोपच्या 2020 च्या गाइडलाइनमध्ये आहे. हा क्रम तुमचा डॉक्टर पाळतोय का ते विचारा. शंका असेल तर आपल्या गोव्यात बांबोळीला सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे, सकाळी लवकर जा आणि आधीचा एक्सरे बरोबर न्या.