भूल दिलेल्या उंदराचं हृदय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया लांब आणि तिखट आहे, तेव्हा उत्तरही थोडं लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जनुक बदललेल्या उंदराला भूल देऊन इको (अल्ट्रासाउंडने हृदयाची हालचाल पाहण्याची तपासणी) काढली, तर मिळतो तो भुलीच्या औषधाचा आकडा, जनुकाचा नव्हे, एवढ्याशा हृदयात मोजणाऱ्याला हवा तो आकडा काढता येतो, आणि उंदीर म्हणजे काही माणूस नाही. तीन आक्षेप आहेत, पण तिन्हींचं वजन सारखं नाही.

दुसरा आधी घेतो, कारण तो तुम्ही मांडलात त्याहूनही गंभीर आहे. डाव्या मोठ्या कप्प्याचा व्यास हृदय सैल असताना ३.८ मिलिमीटर आणि आकुंचन पावल्यावर २.४ मिलिमीटर धरा. फ्रॅक्शनल शॉर्टनिंग, म्हणजे आकुंचनात व्यास किती टक्क्यांनी घटला ते, येतं ३७ टक्के. एम-मोडच्या चित्रावर (त्यात एकाच रेषेवरची हालचाल काळानुसार दिसते) कर्सर लावताना आकुंचनाच्या मापात ०.२ मिलिमीटरची चूक झाली, की तोच उंदीर ३२ टक्क्यांवर येतो. स्नायूच्या वजनाचं तर विचारूच नका. तिथे सूत्रात घन असतो, त्यामुळे दोन्ही भिंती ०.८ऐवजी ०.९ मिलिमीटर मोजल्या, की वजन १०८ मिलिग्रॅमवरून १२७वर उडी मारतं. प्रोब (छातीवर टेकवायचं यंत्राचं टोक) जरा तिरका धरला तरी हेच होतं; आडवा छेद गोल दिसायच्या जागी अंडाकृती दिसतो आणि नवखा माणूस तोच मोजून मोकळा होतो.

पण म्हणून 'हवा तो आकडा' काढता येतो असं नाही. मोजणाऱ्याला कुठला उंदीर कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही, सलग काही ठोक्यांची सरासरी घ्यायची, आणि शेवटी हृदय काढून तराजूवर ठेवायचं. तराजूला कुणाची बाजू नसते. जिथे हे केलेलं नाही, तिथला निष्कर्ष तुम्ही खुशाल बाजूला सारा, माझी हरकत नाही.

एवढंसं हृदय यंत्राला नीट दिसेल का, ही शंका मात्र जुनी झाली. माणसाच्या इकोचा प्रोब साधारण ३ मेगाहर्ट्झचा असेल तर त्याची तरंगलांबी अर्धा मिलिमीटर, म्हणजे उंदराच्या हृदयाच्या भिंतीच्या निम्म्याहून जास्त. त्यात काय दिसणार! ३० मेगाहर्ट्झला ती ०.०५ मिलिमीटरवर येते. इतक्या वारंवारतेच्या लहरी खोल जात नाहीत, पण उंदराच्या छातीत खोल जायचंय कुणाला?

आता भूल. जाग्या उंदराचं हृदय मिनिटाला ५०० ते ७०० ठोके देतं. केटामिन-झायलाझिन ही इंजेक्शनची भूल दिली तर ते ३५०च्याही खाली येऊ शकतं, आणि अशा हृदयावरून काही बोलू नये हे मान्य. हुंगवायची आयसोफ्लुरेनची भूल १ ते १.५ टक्क्यांवर ठेवली, उंदीर गरम पाटावर ३७ अंशांना राखला, तर ठोके साडेचारशे-पाचशेच्या घरात राहतात. दोन्ही गटांना तीच भूल, एकाच वेतातली भावंडं, ठोकेही जवळपास सारखे. मग उरलेला फरक औषधाच्या माथी कसा मारणार?

एका ठिकाणी मात्र तुमचा मुद्दा खरोखर चावतो. बदललेलं जनुकच भुलीला मिळणारा प्रतिसाद बदलत असेल, उदाहरणार्थ ॲड्रेनालिनचे संदेश घेणाऱ्या रिसेप्टरचं जनुक, तर समान डोस म्हणजे समान परिस्थिती नव्हे. ते बऱ्याचदा ठोक्यांतच दिसतं. म्हणून शोधनिबंधात टक्केवारीशेजारी हार्ट रेट छापलेला नसेल, तर मी ती टक्केवारी वाचत नाही.

'मग जागेपणीच मोजा ना' या तुमच्या सूचनेत एक गोम आहे. मानेच्या कातडीला धरून उताणा केलेला उंदीर घाबरलेला असतो. ठोके सहाशेच्या पुढे, फ्रॅक्शनल शॉर्टनिंग पन्नासच्या वर, आणि नुकतं दुबळं होऊ लागलेलं हृदयही त्या घाबरण्याच्या जोरावर धडधाकट दिसतं. शिवाय इतक्या वेगात झडपेतून रक्त आत येण्याच्या दोन लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे हृदय सैल कसं होतं हे तपासायला ठोके मुद्दाम थोडे खाली आणावे लागतात. हृदयात कॅथेटर (बारीक नळी) घालून दाब आणि आकारमान मोजणं जास्त काटेकोर, कबूल. पण त्यानंतर उंदीर सहसा जिवंत ठेवत नाहीत. आठव्या आठवड्यात आणि सोळाव्या आठवड्यात तोच उंदीर पाहायचा असेल तर इकोला सोपा पर्याय नाही.

राहिला तिसरा आक्षेप. फॉस्फोलँबान हे हृदयाच्या आकुंचनाला लगाम घालणारं प्रथिन. ते नसलेले उंदीर १९९४मध्ये तयार झाले. त्यांचं हृदय उलट जास्त जोमाने आकुंचन पावत होतं. १९९९मध्ये तर हे प्रथिन काढून टाकल्यावर, एमएलपी हे हृदयाच्या स्नायूतलं दुसरं प्रथिन नसल्यामुळे हृदय फुगणाऱ्या उंदरांमध्ये तो बिघाड टळल्याचं दिसलं. आशा पल्लवित झाल्या. मग २००३मध्ये हे प्रथिन जन्मतःच नसलेली माणसं सापडली, आणि त्यांचं हृदय फुगून निकामी झालं होतं. तुमच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण तो पुरावा उंदराच्या विरुद्ध आहे, इकोच्या नाही. उंदरांमध्ये जे दिसलं ते बरोबरच होतं.