पाव तास उशीर, अर्धा तास कापला

परवा ऑफिसात अंगठा लावायला १६ मिनिटं उशीर झाला. १५ ची सवलत आहे. एका मिनिटापायी हाफ डे लागला. चडफडत घरी आलो आणि एलिझाबेथ बेंटली आठवली.

ही लीड्सची गिरणी कामगार. १८३२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली तेव्हा २३ वर्षांची होती. कामाला लागली सहाव्या वर्षी, लिननचं सूत काढणाऱ्या गिरणीत. भरलेल्या बॉबिन उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. कामाचा रेटा असला की पहाटे ५ ते रात्री ९, मध्ये जेवायला ४० मिनिटं. पाव तास उशीर झाला की अर्ध्या तासाची मजुरी कापायचे.

शाळेत आपण औद्योगिक क्रांती पाठ केली ती शोधांची यादी म्हणून. सूत कातायची 'जेनी' कुणाची, वाफेचं इंजिन कुणाचं, जोड्या लावा. मला विचाराल तर खरी उलथापालथ घड्याळाने केली. आधी माग घरात असायचा. विणकर रविवारी प्यायचा, सोमवारी पडून राहायचा (या खाड्याला लोक थट्टेनं 'सेंट मंडे' म्हणत) आणि आठवडा संपता संपता रात्री जागवून कापड पुरं करायचा. ते काही सुखाचं नव्हतं. पोरं तिथंही राबायचीच. पण कधी उठायचं हे त्याचं तो ठरवायचा. १७७१ मध्ये आर्कराइट या कारखानदारानं इंग्लंडातल्या क्रॉमफर्ड गावी पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली आणि माणूस चाकाच्या वेळेला बांधला गेला. भोंग्यावर उठणारं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की बेंटलीच्या घरात घड्याळच नव्हतं. आई कधी ४ ला, कधी २ लाच उठायची. कोळसा खाणीतले लोक कामाला निघाल्याची चाहूल लागली की बाहेर जाऊन त्यांना वेळ विचारायची. अंदाज चुकला की पोरगी रात्री दोनलाच वाटेला लागायची आणि गिरणी उघडेपर्यंत धो धो पावसात थांबायची.

आणि गिरणीतलं घड्याळ मालकाचं! स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या एका गिरणी कामगाराच्या आत्मकथनात आहे, सकाळी ते पुढे सरकवायचे, रात्री मागे. स्वतःचं घड्याळ बाळगायलाही माणसं घाबरायची, कारण त्यापायी नोकरी जायची. १८४४ च्या ब्रिटिश कारखाना कायद्यात शेवटी लिहावं लागलं की कामाचे तास सार्वजनिक घड्याळावरच मोजा.

काल मुद्दाम बघितलं. आमचं अंगठ्याचं मशीन मोबाईलपेक्षा दोन मिनिटं पुढे आहे.