दक्षिणेने स्वतः लिहून ठेवलेली कारणे: अमेरिकन यादवी युद्धाबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

मराठी गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: अमेरिकेतले १८६१-६५ चे यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालेच नाही. दक्षिणेकडची राज्ये स्वतःच्या हक्कांसाठी आणि आयात मालावरच्या जाचक जकातीविरुद्ध लढली. त्यांच्या बहुतेक सैनिकांकडे एकही गुलाम नव्हता, उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांना गुलामांची पर्वा नव्हती आणि कृष्णवर्णीयही दक्षिणेच्या बाजूने लढले. मजकूर अभ्यासपूर्ण वाटतो, पण त्यात दक्षिणेच्या एकाही मूळ कागदाचा उल्लेख नसतो. ते कागद उपलब्ध आहेत आणि अगदी स्पष्ट आहेत.

आधी ‘राज्यांचे हक्क’. दक्षिणेतले साउथ कॅरोलिना हे राज्य २० डिसेंबर १८६० रोजी अमेरिकन संघराज्यातून सर्वांत आधी फुटले आणि चारच दिवसांत त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मुख्य तक्रार अशी की उत्तरेकडची राज्ये फरारी गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्कमधून तर गुलामाला सोबत घेऊन नुसते पुढे जाण्याचीही सोय उरलेली नाही, असे तो म्हणतो. म्हणजे उत्तरेकडची राज्ये आपापले कायदे करतात, यावरच त्यांचा आक्षेप होता. १८५० चा फरारी गुलाम कायदा हा केंद्राचा कायदा होता आणि तो दक्षिणेच्या आग्रहाने झाला होता. गुलामाला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभा नाही. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला मालकाच्या बाजूने निकाल दिला तर १० डॉलर मिळत, माणूस सुटला तर ५. उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्याच्या न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा १८५९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटवला आणि दक्षिणेने त्याचे स्वागत केले. त्या दशकात राज्याच्या हक्काची ढाल विस्कॉन्सिनच्या हातात होती.

मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर आडपडदाच नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे तो सुरुवातीलाच सांगतो. फुटलेल्या राज्यांनी उभारलेल्या नव्या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना इथल्या भाषणात सांगितले की आपल्या सरकारची कोनशिलाच काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या तत्त्वावर बसवली आहे. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्स यांनी घटनात्मक हक्कांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आज फिरणाऱ्या दाव्याचा उगम त्या पराभवानंतरच्या लिखाणात आहे.

दक्षिणेच्या संघाची ११ मार्च १८६१ ची राज्यघटना वाचली तर राज्यांच्या हक्कांचा मुद्दा तिथेच संपतो. गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा काँग्रेसला, म्हणजे संघाच्या संसदेला, करता येणार नाही. कुठल्याही राज्यात गुलाम घेऊन जाण्याचा आणि तिथे मुक्काम करण्याचा हक्क नागरिकांना राहील. नवा प्रदेश मिळालाच तर तिथे गुलामगिरीला संरक्षण देणे बंधनकारक. राज्यांनाच सर्वाधिकार द्यायचे होते तर ही सक्ती कशाला? शिवाय संघातून बाहेर पडण्याचा हक्क त्या घटनेतही स्पष्टपणे लिहिलेला नाही. पुढे एप्रिल १८६२ मध्ये याच सरकारने सक्तीची सैन्यभरती आणली, तीही उत्तरेच्या जवळजवळ वर्षभर आधी. जॉर्जियाचे गव्हर्नर विरोध करत राहिले आणि भरती चालूच राहिली.

जकातीचा मुद्दा तारखांपुढे टिकत नाही. ज्या मॉरिल कायद्याने जकात वाढली त्यावर २ मार्च १८६१ रोजी सही झाली. तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती. विधेयक कनिष्ठ सभागृहात १८६० मध्येच संमत झाले होते, पण सिनेटमध्ये अडकले होते. दक्षिणेचे सिनेटर उठून गेले म्हणून ते पुढे सरकले. राज्ये फुटली तेव्हा लागू होती ती १८५७ ची कमी जकात, जिला दक्षिणेचाच पाठिंबा होता. जॉर्जियाचा जाहीरनामा तर सांगतो की संरक्षक जकातीचा वाद १८४६ च्या कायद्याने कमी जकातीच्या बाजूने निकाली निघाला.

आपल्याकडे हा दावा पटतो याला एक कारण आहे. अमेरिकन कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये कोसळला. हा इतिहास आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे ‘युद्ध व्यापाराचे होते’ हे लगेच खरे वाटते. पण तो कापूस गुलामच वेचत होते, तेव्हा तिथे व्यापार आणि गुलामगिरी वेगळे काढताच येत नाहीत. जोतीराव फुल्यांना ते दिसले होते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना.

सैनिकांबद्दलचा युक्तिवाद आकड्यांची दिशाभूल आहे. मालकी कुटुंबप्रमुखाच्या नावे असे, त्यामुळे वीस वर्षांचा मुलगा मोजणीत ‘मालक’ ठरत नाही. कुटुंबे मोजली तर १८६० च्या जनगणनेनुसार फुटलेल्या अकरा राज्यांत सुमारे ३१ टक्के कुटुंबांकडे गुलाम होते, मिसिसिपीत ४९ टक्के. शिवाय सैनिक काय विचार करतो आणि राज्य का फुटते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

लिंकनबद्दलच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. उत्तर गुलाममुक्तीसाठी युद्धात उतरली नव्हती, संघराज्य टिकवण्यासाठी उतरली होती. २२ ऑगस्ट १८६२ च्या पत्रात लिंकन यांनी तेच लिहिले. मात्र मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्यांनी महिनाभर आधी, २२ जुलैला, मंत्रिमंडळापुढे ठेवलेला होता. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, ही भूमिका त्यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात तडजोडीच्या दबावाखालीही सोडली नाही. दक्षिण फुटली ती याच भूमिकेवरून.

राहिले कृष्णवर्णीय सैनिक. दक्षिणेच्या छावण्यांत हजारो काळे लोक होते. खंदक खोदायला, स्वयंपाकाला, गाड्या हाकायला त्यांना आणले होते आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते. त्यांना सैनिक म्हणून घेण्याचा कायदा १३ मार्च १८६५ रोजी झाला, दक्षिणेचा सेनापती ली याच्या शरणागतीच्या चार आठवडे आधी, आणि त्या कायद्यातही मुक्तीचे वचन नव्हते. दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, मोजक्या तुकड्यांची कवायत सुरू झाली इतकेच. तोवर उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय दाखल झाले होते. त्यांतले बरेचसे दक्षिणेतल्याच मळ्यांवरून पळून आलेले होते.