पिकल्यावर आपलीच होतील ही पोरं

नवे मतदार हातातून निसटताहेत म्हणून हवालदिल झाला असाल, तर आधी खुर्चीत नीट टेकून बसा. काहीच करायचं नाहीये. माणूस विशीत बंडखोर असतो, घराचे हप्ते सुरू झाले की शहाणा होतो, म्हणजेच तुमच्या पक्षाला मत देतो, हे एकदा मनाशी पक्कं धरा. ऐन तारुण्यात जे पाहिलं-भोगलं त्याचा ठसा अख्ख्या पिढीवर राहतो आणि पुढचे अनुभव ती त्याच चष्म्यातून बघते, असं समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली लिहून ठेवलंय. असू द्या. १९२८ला तुमचा पक्ष कुठे होता?

खरं कौशल्य लागतं ते तक्ता वाचताना. सर्वेक्षणाच्या तक्त्यात वरती निवडणुकीची वर्षं असतात, डावीकडे वयोगट. २००४च्या रकान्यात १८ ते २७ची ओळ, २०१४च्या रकान्यात २८ ते ३७ची, २०२४च्या रकान्यात ३८ ते ४७ची, असं तिरकं खाली उतरत गेलात तर एकच पिढी वयाने वाढताना दिसते. वाढत वाढत ती तुमच्याकडे आली की नाही, तेही दिसतं. म्हणून तिरकं उतरायचं नाही. कुठल्याही एका वर्षाच्या रकान्यात नजर सरळ उभी फिरवा. वर तरुणांमध्ये तुमची मतं कमी, खाली म्हाताऱ्यांमध्ये जास्त. वय वाढलं की मतं वाढतात, झालं सिद्ध! खालची मंडळी विशीतही तुम्हालाच मत देत होती का, हा प्रश्न विचारणाऱ्याला चहा आणायला पाठवा.

तो चहा घेऊन परतला आणि म्हणाला की वय, पिढी आणि काळ हे तीन परिणाम निव्वळ गणिताने वेगळे काढता येत नाहीत, कारण जन्मसाल आणि वय कळलं की चालू साल ठरूनच जातं, तर हे मात्र लगेच उचला. जाणकारांनाच जमत नाही म्हटल्यावर तुमचा अंदाज काय वाईट?

राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंग्लहार्ट यांच्या प्रश्नावलीपासून सांभाळा. १९७० साली त्यांनी पश्चिम युरोपातल्या सहा देशांत लोकांसमोर चार उद्दिष्टं ठेवली: देशात सुव्यवस्था, सरकारी निर्णयांत लोकांना जास्त वाव, महागाईला आळा, भाषणस्वातंत्र्याचं रक्षण. यातली दोनच निवडायची. युद्ध आणि टंचाईत वाढलेल्यांचा कल पहिल्या-तिसऱ्याकडे, सुबत्तेत वाढलेल्यांमध्ये दुसरं-चौथं निवडणारे कितीतरी जास्त. पुढे महागाई भडकली तेव्हा सगळ्याच पिढ्या थोड्या भाकरीकडे सरकल्या, पण पिढ्यांमधलं अंतर बरंचसं तसंच राहिलं. यातलं ‘सरकल्या’ एवढंच भाषणात घ्या.

आता आकडे. हजार जणांच्या पाहणीत १८ ते २४ वयाचे जेमतेम शंभर भरतात. हजारांवर चूक साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे. शंभरांवर ती दहाच्या घरात जाते. त्यामुळे याच गटात सहा टक्के वाढ दिसली की ‘युवा लाट’ म्हणून बेधडक पत्रक काढा. घट दिसली, तर नमुना लहान होता.

‘तरुण’ हा शब्द नेहमी एकवचनी ठेवा. दक्षिण कोरियात २०२२च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानोत्तर चाचण्यांनुसार विशीतल्या पुरुषांचं बहुमत उजव्या पक्षाच्या युन सुक-योल यांच्याकडे आणि विशीतल्या बायकांचं त्यांचे उदारमतवादी प्रतिस्पर्धी ली जे-म्युंग यांच्याकडे गेलं. एकाच सालचे, बहुधा एकाच वर्गात शिकलेले. असल्या तपशिलाने घोषणेची लय बिघडते.

मतदानाचं वय खाली आणलं की उपकृत पोरं आपल्याच चिन्हावर शिक्का मारतील, हा हिशेबही जरूर करा. जर्मनीत युरोपीय संसदेच्या निवडणुकीसाठी वय १६वर आणलं गेलं, पर्यावरणवादी ग्रीन पक्ष त्याच्या बाजूने होता. २०१९मध्ये पंचविशीच्या आतल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मतं त्यांना होती. २०२४ला १६ वर्षांची मुलं पहिल्यांदा रांगेत उभी राहिली आणि तरुणांमधला ग्रीन पक्षाचा वाटा ११ टक्क्यांवर आला. एएफडी हा कडवा उजवा पक्ष त्यांच्या पुढे निघून गेला. अर्थात, मधल्या पाच वर्षांत महासाथ, युद्ध आणि भडकलेली घरभाडी होऊन गेली होती आणि ग्रीन पक्ष स्वतः सत्तेत जाऊन बसला होता. पण कारणं शोधत बसण्यापेक्षा मोबाइलला दोष देणं सोपं, शिवाय मोबाइल उलट उत्तर देत नाही.

एवढं करूनही काही हालचाल दाखवायचीच असेल, तर युवा आघाडी काढा. वयोमर्यादा ३५ ठेवा, म्हणजे पुढाऱ्यांचे चिरंजीव आरामात बसतात. तिला स्वतंत्र झेंडा, स्वतंत्र खातं, टोप्या सगळं द्या. उमेदवारी तेवढी देऊ नका. घरं, नोकऱ्या, हवामान यांवरचा ठराव त्यांनी आणला तर टाळ्यांच्या गजरात स्वीकारा आणि अभ्यासासाठी ज्येष्ठांच्या समितीकडे पाठवा. समितीची पुढची बैठक निकालानंतर.