लिंकनचं नाक आणि आमचा कट्टा

संज्या भावाकडे शिकागोला दोन महिने राहून परत आला आणि पहिल्याच रविवारी कट्ट्यावर मोबाइल काढून फोटो दाखवायला बसला. आम्हाला वाटलं नायगारा असेल, डिस्ने असेल. तर हा लिंकनचं नाक दाखवतोय.

खरंच नाक. स्प्रिंगफील्डला ओक रिज नावाच्या कब्रस्तानात लिंकनची कबर आहे, तिच्या दारापुढे त्याचं ब्राँझचं भलंमोठं डोकं ठेवलंय, बाकी डोकं काळपट आणि नाक मात्र चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत, कारण येणारा प्रत्येक जण नशीब उघडेल म्हणून त्यावरून हात फिरवतो, छोट्या पोरांना तर आईबाप उचलून धरतात. संज्यानंही फिरवला म्हणे.

अभ्या लगेच, "लोक देवासमोर स्वतःचं नाक घासतात, तू तर देवाचंच घासून आलास."

झालं. तिथून जे पेटलं ते चहावाल्यानं स्टोव्ह बंद करेपर्यंत.

अभ्याचं म्हणणं, असल्या जागा म्हणजे शुद्ध धंदा, जुनं लाकूड दाखवायचं आणि लोकांनी आ वासून बघायचं. संज्या म्हणाला धंदा कसला, तिथल्याच, स्प्रिंगफील्डमधल्या लिंकनच्या घराला तिकीट नाही, त्याच्या मुलानं, रॉबर्टनं, १८८७ ला घर सरकारला देताना अटच घातली होती की नीट सांभाळायचं आणि बघायला येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. ("आणि आपल्या शनिवारवाड्याला तिकीट!" हे मिल्या. त्याला कुठल्याही विषयात शनिवारवाडा आणता येतो.) लिंकननं आयुष्यात स्वतःच्या मालकीचं घेतलेलं हे एकच घर, १८४४ साली घेतलं, तेव्हा साधा वकील होता, आणि १८६१ ला राष्ट्राध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला गेला तो परत आलाच नाही, आली ती शवपेटी.

मग संज्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. आत बऱ्याच गोष्टींना हात लावायचा नाही, दोऱ्या बांधल्यात, पण जिन्याचा कठडा मात्र त्या काळचाच आहे आणि चढताना तो धरायचा. युनिफॉर्ममधली रेंजर बाई स्वतःच सांगते की धरा, लिंकनचाही हात ह्याच्यावरून फिरलाय. संज्या म्हणतो, माझ्या पुढे एक आजोबा होते, वर पोचले तरी कठडा सोडेनात, मागे लाइन तुंबली, कुणी काही बोललं नाही.

अभ्या दोन मिनिटं गप्प बसला, पण तो अभ्या आहे, वकिलाचा मुलगा. म्हणाला, "बरं, कठडा खरा. केंटकीतल्या झोपडीचं बोल."

ही झोपडी म्हणजे खरी गंमत आहे. लिंकन जन्मला केंटकीत हॉजनव्हिलजवळ, ओंडक्यांच्या खोपटात, १८०९ ला. आज तिथे टेकाडावर ग्रीक देवळासारखं ग्रॅनाइट-संगमरवराचं स्मारक आहे, चढायला ५६ पायऱ्या, कारण तो ५६ वर्षं जगला, आणि आत गाभाऱ्यात मूर्ती असावी तशी ती झोपडी. १९०९ ला थिओडोर रूझवेल्टनं पायाचा दगड बसवला. आणि झोपडी लिंकनची नाहीच! ओंडके आधी गावोगावच्या प्रदर्शनांतून फिरवले, उकलले, परत बांधले, गोडाउनात ठेवले, आणि देवळात बसेना म्हणून झोपडीच छोटी केली. पुढे लाकडातली वर्षाची वलयं मोजली तर झाडं तोडलेली १८४० च्या दशकात, म्हणजे तोवर लिंकन तिशी ओलांडलेला वकील. आता ते स्मारक सांभाळणारे सरकारी पार्कवालेच तिला 'प्रतीकात्मक झोपडी' म्हणतात.

"म्हणजे ५६ पायऱ्या चढून डुप्लिकेट बघायचं," अभ्या.

मला विचाराल तर मला त्यात एवढं वाईट वाटत नाही, पाटी खरं सांगते ना, मग झालं की. त्याच्यापेक्षा कबरीची भानगड मोठी. १८७६ ला नोव्हेंबरात, निवडणुकीच्या रात्री, खोट्या नोटांवाल्या टोळीनं लिंकनचं प्रेतच पळवायचा प्रयत्न केला, म्हणजे तुरुंगातला त्यांचा नोटा कोरणारा कारागीर सोडवून घ्यायचा आणि वर दोन लाख डॉलर. कुलूप कापलं, पेटी अर्धी बाहेर ओढली, पण टोळीतलाच एक खबऱ्या निघाला. मग राखणदार इतका घाबरला की त्यानं पेटी तळघरात लाकडांच्या ढिगाखाली लपवली, आणि वर्षानुवर्षं लोक वर येऊन रिकाम्या दगडी पेटीपुढे टोप्या काढत राहिले. शेवटी १९०१ ला रॉबर्टनं बापाला लोखंडी पिंजऱ्यात घालून दहा फूट खाली काँक्रीटमध्ये गाडलं. त्याआधी पेटी एकदा उघडून वीसेक लोकांनी बघून घेतलं की आत तोच आहे.

"त्या रिकाम्या पेटीपुढे जे रडले त्यांचं रडणं डुप्लिकेट का?" संज्या.

अभ्याकडे उत्तर नव्हतं. मग बापू बोलले. बापू रिटायर्ड मास्तर, कट्ट्यावरचे सगळ्यात सीनियर. म्हणाले, वॉशिंग्टनचं ते मोठं स्मारक, छत्तीस खांबांचं, त्याचं उद्घाटन १९२२ ला झालं तेव्हा काळ्या लोकांना वेगळं बसवलं होतं, बाजूला. ज्यानं गुलामगिरी मोडली त्याच्याच स्मारकात. रॉबर्ट तिथे हजर होता, म्हातारा झालेला. आणि एकेचाळीस वर्षांनी त्याच पायऱ्यांवरून मार्टिन ल्यूथर किंग बोलले. "तेव्हा दगड खरा का खोटा ह्यापेक्षा त्याच्यापुढे कोण कुठे उभा राहिला ते बघा रे." आणि जोतिबांनी 'गुलामगिरी' १८७३ ला छापली ती अमेरिकेतल्या त्या लोकांनाच अर्पण केली, ज्यांनी गुलामांसाठी झीज सोसली. लिंकनला जाऊन तेव्हा आठच वर्षं झालेली.

"संज्या, गंज पेठेतला फुलेवाडा बघितलास?"

संज्या मोबाइलमध्ये बघायला लागला. मी पण. जन्म पुण्यात, वाड्यावरून हजारदा गेलोय, आत एकदाच, तेही शाळेच्या सहलीत.

वातावरण जरा जड झालं म्हणून मिल्यानं विचारलं, ते लिंकनचं हेडमास्तरांना पत्र, आपल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतं ते, ओरिजिनल कुठल्या म्युझियममध्ये आहे?

"कुठेच नाही," अभ्या जागा झाला, "लिंकनच्या लिखाणाच्या संग्रहात ते पत्रच नाही. कुणीतरी नंतर त्याच्या नावावर खपवलंय."

आता बापूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बत्तीस वर्षं त्यांच्या वर्गात ते पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. कप खाली ठेवला, चष्मा पुसला.

"गेल्या महिन्यात नातवानं स्पर्धेत म्हटलं रे ते. पाठ मीच करून घेतलं. पहिला आला."

"मग बक्षीस परत करा," अभ्या.

"कंपास पेटी होती," बापू म्हणाले, "त्यानं त्यातला कर्कटक हरवलाय आधीच."