‘सोलापुरात एजंटला रेरा नंबर कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

आपल्या प्लॉट-फ्लॅटच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय आणि बऱ्याच जणांनी तो पूर्ण न वाचताच पुढं पाठवलाय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की रेरा नंबर (म्हणजे रेरा या रिअल इस्टेट कायद्याखाली एजंटला मिळणारा नोंदणी क्रमांक) मुंबई-पुण्याच्या एजंटांसाठी आहे, सोलापुरात त्याची गरज नाही. दहा हजार भरले की मिळतो, म्हणजे ती नुसती पावती. परीक्षा नावाला आहे. ऑफिसात एकाकडं नंबर असला की बाकीच्यांनी त्याच्यावर काम करायचं. एकदा काढला की झालं, आणि नाही काढला तरी कोण पकडत नाही. मी सोलापुरातच हे काम करतो, होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर हाच माझा पट्टा, आणि हा मेसेज वाचून नवीन पोरं बिनालायसन कामाला लागतील याची मला मनापासून काळजी वाटतीय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, ‘सोलापुरात लागू नाही’. हा कायदा २०१६ चा, केंद्राचा आहे, एजंटांसकट सगळी कलमं १ मे २०१७ पासून लागू झालीत आणि त्यात कुठल्या शहराला सूट दिलीय असं कुठंही नाही. गाव कुठलं हे बघायचंच नसतं, प्रोजेक्ट कुठला ते बघायचं. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असली किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर त्या प्रोजेक्टला नोंदणीतून सूट आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे आपल्या हिशोबात पाच गुंठेसुद्धा भरत नाहीत, आता सांगा, बाळे, सोरेगाव, कुमठे, अक्कलकोट रोड या बाजूला जे लेआउट पडतायत त्यातला एक तरी पाच गुंठ्यांचा आहे का? प्लॉटिंगला रेरा लागत नाही, फक्त बिल्डिंगला लागतो, असं पण काही जण छातीठोक सांगतात, ते चूक आहे, जमिनीचे प्लॉट पाडून विकणं हे पण कायद्यानं प्रोजेक्टच आहे. आणि अशा नोंदणीकृत प्रोजेक्टमधला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मदत करून जो कमिशन घेतो तो एजंट, त्याला नोंदणी लागते. ‘मी फक्त पार्टीची गाठ घालून दिली’ हे पण चालत नाही कारण कायद्याच्या व्याख्येत गाठ घालून देणारा सुद्धा येतो, मग त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा नाहीतर डीलर म्हणा.

इथं मेसेजमधलं एक खरं आहे ते पण सांगतो, उगीच सगळंच खोटं म्हणणार नाही. भाड्यानं घर लावून देणं, शेतजमिनीचा व्यवहार, रेरा यायच्या आधीच पूर्ण झालेल्या जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट, एवढंच काम करणाऱ्याला हा नंबर लागत नाही. नव्या पेठेत, रेल्वे लाईन्सला वर्षानुवर्षं फक्त भाड्याचं काम करणारे आहेत, त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण त्यातल्याच एखाद्यानं उद्या सैफुलच्या नव्या स्कीममध्ये एक फ्लॅट लावून दिला की तो कायद्याच्या आत आला, एका व्यवहारानं सुद्धा.

‘दहा हजाराची पावती’ हा मुद्दा. फी बरोबर सांगितलीय, एकट्या माणसाला १०,००० रुपये, आणि फर्म किंवा कंपनीला १ लाख, हा एक लाखाचा आकडा मेसेजमध्ये सोयीनं गाळलाय. पण पैसे भरले की काम संपलं असं नाही. ऑफिसचा पत्ता, पॅन, इन्कम टॅक्सची कागदं, लेटरहेड, शिक्का, आपल्यावर केस आहे का त्याची माहिती, हे सगळं द्यावं लागतं आणि त्यातलं काही खोटं निघालं तर सुनावणी घेऊन नोंदणी काढून घेता येते. आणि नंबर मिळाल्यावर जबाबदारी सुरू होते. सर्टिफिकेट ऑफिसात दिसेल असं लावायचं, जाहिरातीत आणि व्यवहाराच्या कागदावर नंबर टाकायचा, हिशोबाच्या वह्या ठेवायच्या, बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला ज्या माहितीचा आणि कागदाचा हक्क आहे ती सगळी त्याला मिळवून द्यायची. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या प्रोजेक्टला नोंदणी लागते पण झालेली नाही, त्यातलं काहीच विकायचं नाही.

हे शेवटचं जरा नीट वाचा कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. ‘मंजुरी येतीय, आत्ता प्री-लाँच रेट आहे, आत्ताच टोकन टाका’ असं म्हणून जो प्लॉट विकला जातो तो नोंदणीच्या आधी विकला जातो, आणि नोंदणीच्या आधी बिल्डरला जाहिरात करायला, बुकिंग घ्यायला, टोकन घ्यायलाच बंदी आहे. असं टोकन दिलेल्या गिऱ्हाइकाला पुढं लेआउटमध्ये रस्ता सरकला, ओपन स्पेस गेली, प्लॉट नंबर बदलला असं कळतं आणि तो बिल्डरकडं जायच्या आधी ज्यानं साईट दाखवली त्याच्या दारात येतो. त्या गिऱ्हाइकांत यंत्रमागावर आयुष्य काढलेली माणसं असतात, विडीच्या मजुरीतून भिशी भरून पैसे जमवलेल्या बायका असतात, त्यांना प्रोजेक्टचा नंबर बघायचा असतो हे सांगणारं दुसरं कोण आहे? बिल्डर सांगणार नाही, आपणच सांगायचं. ज्याच्याकडं स्वतःचा नंबर आहे आणि तो जायची ज्याला भीती आहे तोच ते सांगेल, असं मला वाटतं.

परीक्षेबद्दल फार लांबण लावत नाही. महारेरानं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणानं, जानेवारी २०२३ ला आदेश काढून एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली, २० तासांचं ट्रेनिंग, मग आयबीपीएस घेतं ती परीक्षा, पास झालं की सक्षमता प्रमाणपत्र. बँकांच्या परीक्षा घेणारी तीच आयबीपीएस. पहिल्याच परीक्षेला बसलेल्यांतले ९० टक्क्यांहून जास्त पास झाले होते, त्यामुळं ती अवघड नाही हे खरं, पण सोपी आहे म्हणून फुकटची आहे असं होत नाही. कार्पेट एरिया म्हणजे नेमकं काय, करार रजिस्टर करायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही, ताबा लांबला तर गिऱ्हाइकाला काय मागता येतं, हे आपल्यातल्या किती जणांना परीक्षेच्या आधी माहीत होतं? मला माहीत आहेत असे अनुभवी एजंट जे आजपण सुपर बिल्टअपवर (जिना, लॉबीचा वाटा धरून) भाव सांगतात आणि गिऱ्हाईक घरी जाऊन टेप लावून मोजतं तेव्हा भांडण होतं.

आता ‘एकाच्या नंबरवर सगळ्यांनी काम करायचं’. हा सल्ला सगळ्यात घातक आहे, आणि तो देणाऱ्याचं काही जात नाही, ज्याचा नंबर आहे त्याचं जातं. नोंदणी माणसाच्या किंवा फर्मच्या नावावर असते, ती ड्रायव्हिंग लायसनसारखी आहे, मित्राच्या खिशात असून आपल्याला चालत नाही. चार जण मिळून धंदा करायचाय ना, मग रीतसर फर्म करा, फर्मच्या नावानं १ लाख भरून नोंदणी करा. आणि फर्म केली तरी गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या, साईट दाखवणाऱ्या प्रत्येकाकडं ते सक्षमता प्रमाणपत्र पाहिजे, एकट्या मालकानं परीक्षा देऊन भागत नाही. बिल्डरच्या ऑफिसात बसणाऱ्या सेल्सच्या पोरापोरींना पण हे लागू केलंय. जो आपलं गिऱ्हाईक आपण आणतो, आपलं कमिशन आपण घेतो, तो स्वतंत्र एजंट झाला, त्याला स्वतःचाच नंबर काढायला पाहिजे.

यात खरा धोका कुठं आहे ते बघा. अलॉटमेंट लेटरमध्ये आणि करारनाम्यात आता एजंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक टाकायचा असतो. तुमच्या मित्रानं तुमच्या नंबरवर विडी घरकुलच्या बाजूला एक फ्लॅट विकला, बोलताना लिफ्ट, गार्डन, चोवीस तास पाणी असं काहीपण कबूल केलं (सोलापुरात चोवीस तास पाणी कबूल करणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये), तर कागदावर नाव तुमचं. तक्रार तुमच्यावर, सुनावणी तुम्हाला, आणि नोंदणी गेली तर ती पण तुमची. मित्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या नंबरवर काम चालू करेल. हे आपल्या गावात होतंय, मी बघतोय, आणि यात सगळ्यात सरळ माणूस सगळ्यात आधी अडकतो कारण मैत्रीखातर नंबर द्यायला तोच हो म्हणतो. कोणी मागितला तर तोंडावर नाही म्हणा, दोन दिवस तोंड फुगवेल, फुगवू दे.

‘एकदा काढला की झालं’ हे तर सरळ खोटं. मुदत पाच वर्षांची, संपायच्या आधी नूतनीकरण, आणि नूतनीकरणाला पण ते सक्षमता प्रमाणपत्र लागतं. जुन्या एजंटांना ते अपलोड करायला मुदत दिली होती, वाढवून १ जानेवारी २०२४ पर्यंत नेली, तरी ज्यांनी केलं नाही अशा राज्यातल्या सुमारे २०,००० जणांची नोंदणी महारेरानं २०२४ मध्ये स्थगित केली. त्यांच्याकडं नंबर होता, पावती होती, सगळं होतं. म्हणून ज्यांनी २०१७-१८ च्या सुमारास नंबर काढून फाईल कपाटात ठेवलीय त्यांनी आजच महारेराच्या वेबसाईटवर आपलं नाव टाकून स्टेटस बघावं, मुदत संपलेल्या नंबरवर बोर्ड रंगवून बसलेले सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत सापडतील.

राहिलं ‘कोण पकडतंय’. नोंदणी नसताना काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. गणित करा. ४० लाखाचा फ्लॅट, दोन टक्के कमिशन म्हटलं तरी ८०,००० मिळाले, आणि दंड जाऊ शकतो २ लाखापर्यंत. पकडायला इन्स्पेक्टर यायची पण गरज नाही, नाराज झालेलं एक गिऱ्हाईक बास आहे, ५,००० रुपये भरून तो घरात बसून ऑनलाईन तक्रार करू शकतो, बिल्डरवर करता येते तशी एजंटवर पण करता येते. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड पण सक्तीचा आहे, तो नसला तर ५०,००० पर्यंत दंड, आणि आपण स्टेटसला टाकतो ती पण जाहिरातच असते. उलट्या बाजूनं पण विचार करा, व्यवहार झाल्यावर बिल्डरनं कमिशन बुडवलं तर तुम्ही काय करणार? कायद्यानं ज्या कामाला नोंदणी लागते ते बिनानोंदणी केलं आणि त्याची दलाली मागायला कोर्टात गेलात, तर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार.

ज्यांना काढायचाय त्यांनी क्रम उलटा करू नका, बरेच जण आधी फी भरायला धावतात. आधी महारेरानं मान्यता दिलेल्या संस्थेकडून ट्रेनिंग, मग परीक्षा, प्रमाणपत्र हातात आलं की वेबसाईटवर प्रोफाइल, त्यानंतर अर्ज आणि फी. सगळं ऑनलाईन आहे, मी करून देतो म्हणून जास्तीचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका, लॉगिन आणि पासवर्ड स्वतःच्याच मोबाईल नंबरवर ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी नूतनीकरणाला ओटीपी त्याच्या फोनवर जाईल आणि तुम्ही त्याला शोधत बसाल.